परक्या घराचा वास

शिरूर तालुक्यातल्या आमच्या निमोण्यात धुळीला ऋतू आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांमागून उडणारी माती रस्त्याकडेच्या खिडक्यांच्या गजांवर बसते. रात्री कुणी पाचट पेटवलं असेल तर सकाळी ओसरीत राखेचे काळे, बोट लागताच विरणारे तुकडे पडलेले असतात. उन्हाळी कांद्याची काढणी निघाली की त्याचे पापुद्रे उंबरा ओलांडून आत येतात. वैशाखात नांगरून टाकलेल्या रानांतून वावटळी फिरतात आणि दारं लावलेल्या घरातही झाकलेल्या भांड्यावर कच जमते. यातल्या प्रत्येक धुळीला आपला वास आहे. इथं राहणाऱ्याला तो कळतो, पण खुपत नाही.

जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपमधून येणारा वास मात्र पहिल्या श्वासालाच खुपतो.

हे यंत्र आमच्या भागात आलं ते घरं बदलली म्हणून. रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, पगाराचा पैसा आला, शेणानं सारवलेल्या जमिनी जाऊन आधी शहाबादी फरशी आणि मग गुळगुळीत टाइल्स आल्या. सारवलेली जमीन धुळीला धरून ठेवायची. टाइल्सवर ती पावलाबरोबर पळत राहते. घोंगडी उन्हात टाकून झटकता येत होती, सोफा झटकता येत नाही. दारातल्या चारचाकीच्या सीटखाली केरसुणी पोचत नाही. नवं यंत्र घ्यायचं तर चांगले पैसे पडतात, म्हणून पुष्कळ जण जुनं घेतात. कुणी शहरातल्या नातेवाइकाचं उचलून आणतं, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरून. आमच्या घरी आलेलं यंत्र जुन्या बाजारातलं. मोटर चांगली होती, अंगावर ओरखडे होते, आणि पाइपमध्ये एक अख्खं अनोळखी घर होतं: ओलसर, आंबूस, खाली कुठे तरी कुत्र्याच्या केसांचा वास, त्याच्याही खाली जुन्या अगरबत्तीचा.

आईनं तो पाइप उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "कुणाच्या घरचं काय काय ओढलंय त्यानं, कुणाला ठाऊक? आधी धुवा, वास जाऊ द्या, मग आणा," एवढंच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्या वेगळ्या आहेत हे मला पाइप धुता धुता उमगत गेलं. वास आला की नाक एक विचारतं: हे काय आहे? मन लगेच दुसरं विचारतं: हे कुणाचं आहे? पहिल्याचं उत्तर पदार्थात शोधता येतं. दुसऱ्याचं उत्तर पाइपमध्ये कितीही डोकावलं तरी सापडत नाही, कारण ते तिथं नसतंच.

आधी पदार्थाकडे जाऊ. वैशेषिक तत्त्वज्ञांनी गंध हा फक्त पृथ्वीचा गुण मानला. पाण्याला रस आहे, रूप आहे, स्पर्श आहे, गंध नाही. पाण्याला वास आलाच तर त्यात पृथ्वीचे कण मिसळलेले असणार, असं न्याय-वैशेषिक परंपरेत शिकवलं जाई. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केली आहे आणि संस्कृत शिकणारी मुलं आजही तर्कशास्त्राची सुरुवात त्या पुस्तकापासून करतात. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. वास म्हणजे काही तरी भूतबाधा नव्हे. वास येतो आहे याचा अर्थ कुठला तरी कण तिथं आहे. आजचं रसायनशास्त्र कणाऐवजी रेणू म्हणतं आणि तो हवेत उडणारा असावा लागतो अशी अट घालतं, पण मूळ विश्वास तोच आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये नाकातल्या गंधग्राहकांची जनुकं शोधून काढली. त्यासाठी २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं कामाची आहेत. एकेक रेणू अनेक ग्राहकांना कमीजास्त हलवतो आणि त्या हालचालींच्या नक्षीवरून मेंदू ओळखतो, की हा कांदा, ही ओली माती, हे परकं घर.

तेव्हा कण काढायचे. पण व्हॅक्यूमचा पाइप हे कणांना लपायला मुद्दाम केल्यासारखं ठिकाण आहे. तो वाकावा म्हणून त्याच्या अंगाला वळ्या असतात. हवा मधून वेगानं जाते, पण भिंतीलगत तिचा वेग जवळजवळ थांबतो आणि प्रत्येक वळीच्या खोबणीत ती गरगरत राहते. जड कण, केस, धागे तिथं बसतात. कोरड्या हवेत धूळ प्लास्टिकला घासून जाते तेव्हा विजेचा भार साचतो आणि बारीक भुकटी भिंतीला चिकटून राहते. निमोण्याची हवा पर्जन्यछायेतली, वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे इथं हे आणखी होतं. आणि कुणी तरी कधी तरी ओली फरशी त्याच यंत्रानं ओढली असेल, तर त्या भुकटीचा चिखल होतो, त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. आंबूसपणा त्यांचा असतो.

पाइप धुण्याआधी तो वीज वाहून नेणारा आहे का ते पाहावं. काही यंत्रांत पुढचा ब्रश मोटरवर फिरतो आणि त्यासाठी पाइपच्या अंगातून तारा गेलेल्या असतात. टोकाशी धातूच्या पिना दिसल्या तर तो पाइप पाण्यात घालायचा नाही, फक्त कोरड्या आणि जेमतेम ओल्या कापडानं पुसायचा. साधा पाइप असेल तर अंगणात नेऊन ताणावा, उलटा टांगून वरून खाली थापट्या माराव्यात. मग सुतळीच्या एका टोकाला लोखंडी नट बांधून तो पाइपमधून खाली सोडावा. नट आपल्या वजनानं वळ्या पार करत खाली येतो आणि सुतळी ओवली जाते. दुसऱ्या टोकाला जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा बोळा बांधावा, पाइपच्या आतल्या मापाला जरा घट्ट बसेल असा, आणि खेचावा. बोळा काळा होऊन बाहेर येतो. तो धुवून पुन्हा खेचावा, आणि तो स्वतःच्याच रंगाचा बाहेर येईपर्यंत खेचत राहावं. हे काम घाईनं होत नाही, पण या एका बोळ्यानं जेवढं निघतं तेवढं कुठल्या बाटलीतल्या द्रवानं निघत नाही.

आमच्या पाइपमधून निघालं ते मी वर्तमानपत्रावर पसरून पाहिलं. केसात लावायची पिन, लोकरीचे लाल धागे, पांढरे राठ केस, तांदळाचे दाणे, एका छोट्या गाडीचं रबरी चाक. त्या घरात लहान मूल होतं, कुत्रं होतं, कुणी तरी विणत होतं. त्या केरातून हे असं वाचताना मला इनामगाव आठवलं. आमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकरी वस्ती उजेडात आणली. घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या लहान मुलांविषयी लोक जास्त बोलतात, पण त्या माणसांनी काय खाल्लं हे कळलं ते त्यांच्या कचऱ्यावरून. जळून कोळसा झालेले जवाचे, गव्हाचे, मसुराचे दाणे, फेकलेली हाडं, राख. त्यांनी जे नकोसं म्हणून टाकलं तेच आपल्यापर्यंत पोचलं. परक्याच्या केरात हात घालताना येणारी शिसारी मला त्या दिवसानंतर थोडी कमी येते. तो केर म्हणजे कुणाचा तरी नेहमीचा दिवस असतो.

कण निघाले, कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून पाइप भरला, दोन्ही तोंडं धरून हेलकावे दिले, स्वच्छ पाण्यानं खळबळून काढला. पाणी फार गरम घेऊ नये, प्लास्टिक मऊ पडून वळ्या दबतात. आता आत पाहिलं तर चकचकीत. आणि दुसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर.

वैशेषिकांची पृथ्वी धुऊन गेल्यावरही गंध उरला, तो का, हे मला अत्तरवाल्यांच्या एका जुन्या पद्धतीवरून समजलं. चमेलीचं किंवा मोगऱ्याचं तेल करताना फुलं पिळत नाहीत. सोललेल्या तिळांचा थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं असं रचून ठेवतात. फुलं सुकली की काढून टाकतात, नवी घालतात. कित्येक दिवसांनी तीळ गाळले तर तेलाला फुलांचा वास असतो आणि फूल एकही नसतं. फुलांचे सुवासिक रेणू पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतात. ते हवेतून येऊन तिळाच्या स्निग्ध अंगात विरघळतात. बौद्ध आचार्य असंगानं, सुमारे चौथ्या शतकात, हाच तीळ आणि हेच फूल घेऊन मनाचा एक प्रश्न सोडवला होता: कर्म संपून गेल्यावर त्याचा संस्कार कुठं राहतो? फूल नाहीसं होतं, तीळ मात्र त्याच्या वासानं भरून राहतो.

आपला पाइप हा तीळ आहे. लवचीक पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेले असतात आणि ते वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही असू शकतात. पाइप ईव्हीएचा किंवा पॉलिथिलीनचा असला तरी त्याची प्रकृती स्निग्धच. वर्षानुवर्षं ज्या घराची हवा त्यातून गेली त्या हवेतले रेणू भिंतीच्या पृष्ठभागावर थांबले नाहीत, आत मुरले. साबण पृष्ठभाग धुतो. मुरलेलं हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि मग पुन्हा हवेत उडतं. हळू आत गेलेलं हळूच बाहेर येणार. पदार्थाच्या या गतीला विसरण म्हणतात आणि तिला दामटता येत नाही, फक्त थोडी मदत करता येते. ऊब दिली तर रेणू लवकर हलतात, वारा दिला तर बाहेर आलेले तिथं रेंगाळत नाहीत.

म्हणून सुगंध फवारून वास घालवायचा प्रयत्न मला पटत नाही. पाइपमध्ये अत्तर किंवा रूम फ्रेशनर मारला तर तोही त्याच प्लास्टिकमध्ये मुरतो आणि आता दोन वास होतात. धुळीच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकणारे लोक मी पाहिले आहेत. नॅप्थलीनची वाफ लहान मुलांसाठी घातक आहे आणि यंत्र ती घरभर फेकतं. वास झाकायचा नाही, त्याला बाहेर पडायला वाट द्यायची.

खायचा सोडा या कामी खरंच उपयोगी पडतो आणि का पडतो हे कळलं की तो नीट वापरता येतो. घाम, शिळं दूध, जनावराचं अंग यांचा आंबट-कुबट वास पुष्कळदा ब्युटिरिक, आयसोव्हॅलेरिक अशा हलक्या आम्लांचा असतो. सोडा त्यांचं मीठ करतो आणि मीठ हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही. मासळीचा, लघवीचा वास उलट्या जातीचा, अमोनियाच्या कुळातला. त्याला व्हिनेगर लागतं, थोडं पाण्यात मिसळून. पण दोन्ही एकदम ओतू नयेत. फेस छान येतो, पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवल्याचं चिन्ह. मागे उरतं ते खारट पाणी. आधी सोड्याचं पाणी भरून काही तास ठेवावं, ओतून द्यावं, धुवावं. गरज वाटली तर मग व्हिनेगर, मग पुन्हा भरपूर पाणी. ब्लीचिंगचं द्रावण मात्र पाइपला लावू नये. ते आतली स्प्रिंगची तार गंजवतं, आणि व्हिनेगरशी किंवा संडास धुण्याच्या अॅसिडशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला हवं.

मग वाळवणं. माझ्या मते सगळ्या कामाचा निम्मा भाग हाच आहे आणि लोक इथंच कंटाळतात. थेंबभर पाणी वळीत राहिलं तर पुढच्या धुळीचा पुन्हा चिखल होणार. पाइप दोरीवर आडवा टाकला तर मधल्या झोळात पाणी साठतं. एक तोंड वर, एक खाली असा उभा टांगावा. सकाळचं ऊन द्यावं, दुपारी सावलीत घ्यावा, कारण वैशाखाच्या उन्हात प्लास्टिक ताठर होऊन चिरतं. निमोण्याचा कोरडा वारा इथं कामी येतो. कोकणात आठवडाभर ओला राहील तो पाइप इथं लवकर खडखडीत होतो. त्यानंतरही तो तसाच टांगून ठेवावा, दिवसामागून दिवस, कारण आता पाणी नाही, मुरलेला वास बाहेर यायचा आहे.

वास गेला का, हे ओळखायलाही युक्ती लागते. रोज हुंगणाऱ्याचं नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं आणि गेला असं सांगतं. पाइप, धुळीची पिशवी आणि स्पंजचा फिल्टर हे तिन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तोंड बांधून रात्रभर ठेवावेत आणि सकाळी घरात नुकत्याच आलेल्या माणसाला हुंगायला द्यावं. पुष्कळदा आरोप पाइपवर असतो आणि गुन्हेगार फिल्टर निघतो; जुना स्पंज बोटानं चुरला जात असेल तर तो बदलणंच बरं. पाइपमध्ये सिगारेट-बिडीचा वास असेल तर मी त्याच्या मागे लागत नाही, पाइपच बदलते. धुरातलं निकोटीन पृष्ठभागांना चिकटून राहतं आणि हवेतल्या इतर वायूंशी मिळून नवी घातक द्रव्यं बनवतं, हे संशोधनातून दिसलेलं आहे. घरात दम्याचा माणूस असेल आणि पाइपमध्ये बुरशीचे काळे ठिपके असतील तर तिथंही काटकसर करू नये.

या सगळ्या कामात मला एका जुन्या ग्रंथाची आठवण येत राहिली, आणि ती मला अस्वस्थ करणारी होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्तूंच्या शुद्धीचा मोठा भाग आहे. तांबं, लोखंड, कासं, पितळ, कथील, शिसं यांना क्षार, आम्ल आणि पाणी यांनी शुद्ध करावं, असं तिथं सांगितलं आहे. मातीचं भांडं पुन्हा भाजावं. आणि सगळ्या वस्तूंसाठी एक कसोटी दिली आहे: अशुद्ध पदार्थाचा वास आणि लेप जाईपर्यंत माती आणि पाणी लावत राहावं. किती शहाणी कसोटी आहे ही! वस्तूचा दोष नाकाला आणि डोळ्याला कळला पाहिजे, आणि तो संपला की संपला. सोडा, व्हिनेगर आणि पाणी घेऊन अंगणात बसलेली मी त्याच वाटेनं चालले होते.

पण त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात जेवावं असं लिहिलं आहे. तिथं वासाची कसोटी नाही, लेपाची नाही. किती माती, किती पाणी लागेल हे कुणी सांगितलेलं नाही, कारण त्या दोषाला शेवटच ठेवलेला नाही. पितळेच्या तांब्याला जी सवलत दिली ती माणसाला दिली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचं उच्चाटन' या पुस्तकात पेशवाईतल्या पुण्याचं उदाहरण दिलं आहे: अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावं लागे, त्याच्या पावलांनी तुडवलेली धूळ मागच्या मागे पुसली जावी म्हणून. धूळ तीच, सगळ्यांच्या पायाखालची. तिच्यात दोष होता तो फक्त पाहणाऱ्याच्या मनातला. पेशव्यांविरुद्धच्या लढाईची आठवण असलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. ज्यांनी पिढ्यानपिढ्या शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळल्या, त्या मातंग समाजाच्या हातची केरसुणी आम्ही लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पूजतो. ती वळणाऱ्या हाताला मात्र गावानं उंबऱ्याबाहेर ठेवलं. हे दोन्ही एकाच घरात घडत आलं आहे आणि त्याची लाज वाटायला हवी.

मनाचा हा खेळ आजच्या मानसशास्त्रातही पकडला गेला आहे. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की निर्जंतुक केलेलं झुरळ क्षणभर बुडवलेला रस लोक पीत नाहीत आणि नावडत्या माणसाच्या अंगावरचा शर्ट धुतलेला असला तरी घालायला कचरतात. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये एकच वास लोकांना दिला, कधी त्याला चीजचं नाव देऊन आणि कधी अंगाच्या वासाचं. नाव बदललं की पसंती बदलली आणि मेंदूतला प्रतिसादही बदलला. आम्हाला परदेशी चीजची गरज नाही. पहिल्या पावसात आमच्या रानातून जो मातीचा वास येतो आणि ज्यासाठी माणसं दारात येऊन उभी राहतात, त्यातला मुख्य रेणू जिऑस्मिन. जमिनीतले जिवाणू तो बनवतात. कोंदट तळघराच्या, शेवाळलेल्या पाण्याच्या वासातही तोच असतो. रानातून आला तर आपण खोल श्वास घेतो, दुसऱ्याच्या वस्तूतून आला तर नाक धरतो. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असेल. पण रान आपलं आहे." तिचं म्हणणं मी खोडलं नाही. परक्या वासापासून सावध राहणं ही माणसाच्या शरीराची जुनी शिकवण आहे आणि तिनं पुष्कळांना रोगांपासून वाचवलं असेल. मला एवढंच हवं आहे की त्या सावधपणाला कसोटी असावी, वास आणि लेप गेल्यावर तो थांबावा. आईनं पाइपच्या बाबतीत तो थांबवला. पिशवी उघडून तिनं स्वतः हुंगलं आणि पाइप आत घेतला.

या यंत्राचा जन्मही दुसऱ्याची धूळ अंगावर घेणाऱ्या माणसांपाशी झाला आहे. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि फुंकण्याऐवजी ओढलं तर, असा विचार केला. एका उपाहारगृहात खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवून त्यानं तोंडानं हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालावर धुळीचा डाग उमटला. व्हॅक्यूम क्लीनरचा पहिला पाइप म्हणजे माणसाचा घसा. १९०१ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अॅबेचे गालिचे त्यानं साफ केले. हाताळता येईल असं यंत्र मात्र अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावच्या जेम्स स्पँगलर या दुकान झाडणाऱ्या माणसानं बनवलं. झाडताना उडणाऱ्या धुळीनं त्याचा दमा वाढायचा, म्हणून त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हक्क हूवरकडे गेले. जग आज हूवरचं नाव घेतं. आपल्याकडे १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि तिच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन मध्यमवर्गाला स्वतःच्या गादीतली धूळ दाखवली.

स्पँगलरचा दमा मला आमच्या रस्त्यावर रोज दिसतो. चारचाक्या धुण्याची सेंटरं आता या भागात जागोजागी झाली आहेत. तिथली पोरं दिवसभर मोठ्या ड्रमच्या व्हॅक्यूमनं लोकांच्या सीटखालची धूळ ओढतात. कंपनीतून सुटलेल्यांची, जत्रेहून आलेल्यांची, ऊसतोडीच्या मुकादमाची. ओलं आणि कोरडं दोन्ही त्याच पाइपमधून जातं, म्हणून तो पाइप घरच्या पाइपपेक्षा किती तरी लवकर कुजतो. संध्याकाळी तो तसाच गुंडाळून कोपऱ्यात पडतो आणि तोंडाला काही न बांधता ड्रम पालथा केला जातो. तिथल्या एका मुलाला मी नट-सुतळीचा बोळा करून दाखवला. तो हसला नाही, दुसऱ्या दिवशी त्यानं तो स्वतः केला आणि रात्री पाइप शटरच्या खिळ्याला उभा टांगायला लागला. ड्रम रिकामा करताना आता तो तोंडाला रुमाल बांधतो. रुमालानं डोळ्याला दिसणारी धूळ अडते. फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ त्यातून सहज पार होते. एन-९५ मास्क शिरूरच्या औषधांच्या दुकानात मिळतो. ड्रम आधी पाण्याच्या फवाऱ्यानं जरा भिजवला, वाऱ्याकडे पाठ केली आणि मास्क नाकावर घट्ट बसवला, तर गिऱ्हाइकाच्या गाडीतली माती त्याच्या छातीत फारशी जाणार नाही. मास्कचे पैसे सेंटरच्या मालकानं द्यायला हवेत, आणि गाडी धुवायला नेणाऱ्या आपण ते मागून घ्यायला हवेत.